कटिंग मशीनवर कापलेल्या गिफ्ट बॉक्सला घडीवर भेगा का पडतात?

कापणी स्वच्छ होते पण घडी घातली की कागद तडकतो, असं तुम्ही म्हणताय. दोष बहुतेक घडीच्या रेषेचा असतो. क्रिकट या कटिंग मशीनच्या डिझाइन स्पेस ॲपमध्ये ती रेषा ‘स्कोअर’ करा (म्हणजे न कापता नुसती दाबलेली रेघ) आणि बाहेरच्या आकाराशी ‘अटॅच’ करा, म्हणजे जोडून टाका, नाहीतर मशीन घड्या भलतीकडेच मारून ठेवतं (माझे दोन कागद असेच गेले). कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, 200 ते 250 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. आत पांढरा गाभा असलेला रंगीत कागद घडीवर पांढरा दिसतोच, म्हणून आरपार रंगलेला घ्या. कापून झाल्यावर कागद ओढू नका. मॅट (कागद ज्यावर चिकटवून कापतो ती चिकट पाटी) पालथी घालून मॅटच कागदापासून सोलत न्या, म्हणजे कागदाची गुंडाळी होत नाही. आणि हो, झाकण खोक्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवा.