प्लाझ्मा कटरचा आर्क पेटतो, पण १० मिमीची प्लेट आरपार कापत नाही. काय तपासू?

आधी अर्थिंगचा चिमटा बघा; तो रंगावर किंवा गंजावर लावला असेल तर पायलट आर्क (टॉर्चच्या टोकातच पेटणारा सुरुवातीचा छोटा आर्क) पेटतो, पण कटिंगचा पूर्ण करंट प्लेटमधून जात नाही. ग्राइंडरने रुपयाएवढी जागा चकचकीत करून तिथे लावा. तरीही ठिणग्या खाली न पडता वरच उडत असतील तर मशीन बंद करून टॉर्च उघडा. इलेक्ट्रोडच्या टोकाला खोल खड्डा पडला असेल किंवा नोझलचं भोक लांबट झालं असेल, तर दोन्ही एकदमच बदला. (एकटं नोझल बदलून पैसे वाचत नाहीत.) हवेचा दाब हवा वाहत असतानाच बघायचा, साधारण ५ बार. धुळ्यात ट्रॉल्यांच्या चेसिस कापताना आमचा बिघाड बहुतेक वेळा यातच सापडतो. मात्र शेताकडच्या लाइनवर व्होल्टेज पडत असेल, तर नवं नोझल टाकूनही कट अर्धाच राहील.