आधी कॉलेजमधला आंबा बघ

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दगडफुलांवर, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनणाऱ्या लायकेनवर, काम करायचं तर हिमालयात, निदान महाबळेश्वरला तरी जावं लागेल का, असं तू विचारलं आहेस. पुढे गरज पडेल तेव्हा जरूर जा. पण सुरुवातीची एक-दोन वर्षं मुंबईतच काढ, असं माझं स्पष्ट मत आहे. दाट, ओल्या जंगलात दगडफूल जिथे बघावं तिथे असतं, म्हणून ते तिथे का आहे हा प्रश्न चटकन पडत नाही. मुंबईत ते एका खोडावर असतं आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या खोडावर नसतं. तुला तो फरक समजून घ्यायचा आहे.

या रविवारी लालबागच्या मसाला बाजारात जा आणि गोड्या मसाल्यात घालतात ते दगडफूल शंभर ग्रॅम घे. वर्तमानपत्रावर पसर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन एकेक तुकडा बघ. वरची बाजू राखाडी, खालची काळी. काही तुकड्यांच्या कडांना पापणीसारखे काळे केस असतील, काही कडा पिठुळ असतील, काही तुकडे रुंद पानासारखे तर काही अरुंद फाट्यांचे. एका पुडीत सहसा एकाहून जास्त जाती निघतात. त्यांचे ढीग कर. नावं नंतर बघू. मग एका तुकड्याचा ब्लेडने पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेव. वर बुरशीच्या धाग्यांची घट्ट साल, तिच्याखाली शैवालाच्या गोल पेशींचा पातळ थर, मग विरळ धाग्यांचा पांढरा गाभा आणि सगळ्यात खाली काळी साल. हा छेद स्वतः पाहिल्याशिवाय सहजीवनावर एक ओळही लिहू नकोस.

कारण त्या विषयावर गोड गोड लिहिण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. बुरशी घर देते, शैवाल अन्न देतं, दोघांचं छान चाललेलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे, हे 1860 च्या दशकात स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी मांडलं, तेव्हा त्यांनी बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम म्हटलं होतं. त्या काळच्या बड्या तज्ज्ञांना ते अजिबात पटलं नव्हतं. तू दोन्ही टोकं बाजूला ठेव आणि कोण कोणाला काय देतं, किती आणि कधी, एवढंच विचार. हिरवं शैवाल साखरेपासून बनलेलं रिबिटॉलसारखं अल्कोहोल बुरशीला पुरवतं, तर काही दगडफुलांत शैवालाच्या जागी असणारे नॉस्टॉकसारखे नील-हरित जीवाणू ग्लुकोज देतात. शिवाय जोडीदार दोनच असतात असंही नाही. 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांना काही दगडफुलांच्या वरच्या सालीत बुरशीच्या दुसऱ्याच गटातली एक यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी, सापडली. पुढच्या तपासण्यांत ती सगळ्या दगडफुलांत आढळली नाही. या विषयात अजून पुष्कळ काही ठरायचं आहे, आणि त्यातलं थोडं तुझ्या हातूनही ठरू शकेल.

एक प्रश्न तर दारातच आहे. पावसाळ्यात आपल्याकडच्या भिंतींवर आणि नारळाच्या खोडांवर नारिंगी-तांबूस मखमली डाग येतात. पुष्कळ मुलं त्यालाच दगडफूल समजतात. बहुतेक वेळा ते ट्रेन्टेपोलिया असतं, म्हणजे एकटं राहणारं शैवाल. आता गुळगुळीत सालीच्या झाडावर पांढुरक्या चकत्या शोध, ज्यांवर काळ्या रेघोट्या असतात, कोणीतरी घाईत मोडी लिहिल्यासारख्या. ते ग्राफिस नावाचं दगडफूल किंवा त्याचं भावंड. कडेला नखाने अगदी जरासं खरवडलंस तर आत पिवळट-नारिंगी रंग दिसेल. आतही ट्रेन्टेपोलियाच आहे. बीजाणूपासून वाढणाऱ्या बुरशीला शैवाल नव्याने शोधावं लागतं. मग भिंतीवरचं मोकळं शैवाल आणि शेजारच्या झाडावरच्या दगडफुलातलं शैवाल एकच असतं का? एम.एस्सी.च्या प्रबंधाला हा प्रश्न मला फार आवडेल.

आता हवेबद्दल, कारण तुझ्या पत्राचा निम्मा भाग प्रदूषणावर आहे. दगडफुलाला मुळं नसतात, पानांवर असतो तसा मेणाचा थरही नसतो. पाणी आणि क्षार ते पाऊस, दव आणि धुळीतून सगळ्या अंगाने घेतं, त्यामुळे हवेतलं विषही आत जातं. दगडफुलांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेबद्दल नोंदवलं, की शहरात इतरत्र नसलेली दगडफुलं तिथे आहेत. पुढे ती तिथूनही गेली, आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड घटल्यावर शंभरेक वर्षांनी पुन्हा दिसू लागली. ही गोष्ट वाचली की वाटतं, आपणही माहुल-चेंबूरपासून बोरिवलीपर्यंत झाडं मोजावीत आणि नकाशा रंगवून मोकळं व्हावं. तसं करू नकोस. इंग्लंड-वेल्ससाठी 1970 मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी केलेली, दगडफुलांवरून हवेचं प्रदूषण ओळखायची मोजपट्टी तिथल्या जातींवर, तिथल्या सालींवर आणि सल्फर डायऑक्साइडवर बेतलेली आहे. आपल्याकडे वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ मोठी, ऊन वेगळं, साल वेगळी. चेंबूरचा नारळ आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला आंबा यांची तुलना करून हवेबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून एकच झाड निवड. मी आंबा सुचवेन, कारण तो कॉलेजात, सोसायटीत, चर्चच्या आवारात, आरेत आणि उद्यानाच्या कडेला सगळीकडे मिळतो. घेर साधारण सारखा, खोड सरळ, सावली सारखी, असेच आंबे घे. दहा सेंटिमीटरच्या पाच चौकटी एकाखाली एक असलेली दोऱ्याची शिडी कर, तिचं खालचं टोक जमिनीपासून 1 मीटरवर धर, आणि खोडाच्या चारही दिशांना लावून कोणती जात किती चौकटींत आहे ते लिही. युरोपात हीच पद्धत वापरतात, आणि तिला खर्च काही नाही.

इथे मुंबईची खास अडचण येते: रस्त्यावरच्या झाडांना लावलेला गेरू-चुना. तो पट्टा नेमका तुझी शिडी लागते त्याच उंचीवर येतो आणि त्याखालची दगडफुलं गुदमरतात. रंगवलेलं झाड मोजणीत घेऊ नकोस, पण वहीत त्याची नोंद कर. रंगवलेली आणि न रंगवलेली झाडं एकाच आवारात मिळाली तर तो स्वतंत्र अभ्यास होईल. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन सांग, की दगडफूल झाडाचा रस शोषत नाही, ते नुसतं सालीवर बसतं, तेव्हा ते खरवडू नका आणि रंगवू नका. लोक ऐकतात. नीट समजावून सांगितलं तर नक्की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

ज्या खोडावर काहीच नाही तेही पूर्ण मोज. चारही दिशा, वीसही चौकटी, प्रत्येकीत शून्य. या शून्यांचा विद्यार्थ्यांना फार कंटाळा येतो आणि ती गाळली जातात. पण उद्या त्या खोडावर पहिला ठिपका उगवला, तर तो नवा आहे हे सांगायला आज लिहिलेलं शून्यच लागेल. कित्येक दगडफुलं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, तेव्हा त्याच झाडाकडे, त्याच महिन्यात, त्याच चौकटींकडे परत जाण्याची तयारी ठेव.

गोळा करण्याची घाई नको. राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या परवानगीशिवाय पडलेली काटकीही उचलायची नाही. शहरात मात्र पावसाळ्यापूर्वी फांद्यांची छाटणी होते, पहिल्या वादळात फांद्या मोडतात. झाडाच्या शेंड्याकडची दगडफुलं एरवी आपल्या हाती लागत नाहीत, तेव्हा मे-जूनमध्ये या फांद्या कचऱ्याच्या गाडीत जाण्याआधी गाठ. माळ्यांना विचारून घे, ते मदत करतात. नमुना कागदी पाकिटात, कधीच प्लॅस्टिकमध्ये नाही. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरा चढतो, म्हणून सिलिका जेलच्या डब्यात ठेव.

ओळखण्यासाठी एक अतिनील टॉर्च घे. अंधाऱ्या खोलीत पिक्सिन कोकोस हे दगडफूल तिच्याखाली पिवळं चमकतं, आणि त्याच्यासारखंच दिसणारं डिरिनारिया अप्लानाटा तसं चमकत नाही. पण पिवळी चमक इतरही काही जातींत असते, तेव्हा तेवढ्यावर नाव लिहू नकोस. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून रंग बघताना हातमोजे घाल. शंका राहिली की पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत जा. पश्चिम घाटातल्या दगडफुलांवर पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी पुण्यात केलेलं काम आधी वाचून जा, म्हणजे प्रश्न नीट विचारता येतील.

संवर्धनाबद्दल तू शेवटी एकच ओळ लिहिली आहेस, मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. झाड तोडायचं असतं तेव्हा त्यावर नोटीस लागते आणि हरकती मागवल्या जातात. हरकतीत लोक सावली लिहितात, पक्षी लिहितात. खोडावर काय राहतं ते क्वचित लिहितात. एका जुन्या झाडाच्या बदल्यात लावलेल्या रोपाची साल कोवळी आणि गुळगुळीत असते. जुन्या, भेगाळलेल्या सालीवर राहणाऱ्या जातींना तिथे कित्येक वर्षं जागाच नसते. हे मोजून, फोटोसह, मराठीत लिहून देणारं कोणीतरी हवं. नोटीस लागलेलं झाड दिसलं की बाकीची कामं सोड आणि त्याच आठवड्यात शिडी लाव.

पहिल्या पाच आंब्यांच्या नोंदी झाल्या की वहीची पानं फोटो काढून पाठव. स्वच्छ करून उतरवलेली नकोत, झाडाखाली लिहिलेलीच पाठव. छाटणी सुरू झाली की मला फोन कर, मीही येईन.

तुझी,
मॅडम