बॅटरी रात्री 2 लाच संपते? 40 हजाराचा बॉक्स घ्यायच्या आधी हे पाहा

भाऊ, 3 किलोवॅटचं पॅनल, हायब्रिड इन्व्हर्टर, 5 युनिटची लिथियम बॅटरी, एवढं असून रात्री 2 ला कूलर बंद पडतो अन् डीलर म्हणतो आता 40 हजाराचा एनर्जी मॅनेजमेंटचा बॉक्स लावा, म्हणजे घरातलं काय कधी चालवायचं ते ठरवणारा डबा. कायले घाई करता बाप्पा? मी आर्वीकडचा, 4 उन्हाळे झाले याच भानगडीत आहे.

आधी इन्व्हर्टरची सेटिंग पाहा. बहुतेक एसबीयू असेल, म्हणजे पहिले सोलर, मग बॅटरी, मग लाइन. मंग होते काय, संध्याकाळी लाइन असतानाही घर बॅटरीवरच चालते आणि रात्री डीपी उडाली की बॅटरीत उरते काय? बॅटरी किती टक्क्यावर आली की लाइनवर परत जायचं, ती मर्यादा 20 असेल तं उन्हाळ्यापुरती 60-70 करा. फुकटचं काम आहे. फक्त बॅटरीच्या बीएमएसपासून (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) इन्व्हर्टरपर्यंत कम्युनिकेशनची केबल लागलेली आहे का ते बघा. आमच्या फिटरने ती लावलीच नव्हती, इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून टक्के सांगत होता, आणि लिथियमचं व्होल्टेज जुन्या ट्युब्युलर पाण्याच्या बॅटरीसारखं हळूहळू उतरत नाही, 80 टक्क्याला जवळपास जे तेच 40 लाही, मंग एकदम धाडकन खाली. आम्ही तं पहिला महिना भरलेली समजून झोपायचो.

आता हिशोब. 5 युनिटमधले 80 टक्के वापरले तं 4, इन्व्हर्टरचा लॉस जाऊन साडेतीनच्या वर थोडं हाती येतं. कूलर 180 वॅट, 9 तास, 1.6 युनिट झाले. 75 वॅटचे 2 साधे पंखे 1.35, फ्रीज अर्धा, अन् इन्व्हर्टर स्वतःच 50 वॅट पितो ते वेगळं. 3.9 होते, पुरणार कसं? पंखे बीएलडीसी घ्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॅटचे, पाऊण युनिट तिथंच वाचते.

बोअरची मोटर बॅटरीच्या लाइनवरून काढाच. दुपारी 11 ते 2 मध्ये टाकी भरून घ्यायची. मी हुशारी करून 1 एचपीच्या मोटरले 10 अँपचा स्मार्ट प्लग लावला होता, सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, आतला कॉन्टॅक्ट चिकटून बसला, मोबाइलवर ऑफ दिसते अन् मोटर चालूच! टाकी ओसंडून गोठ्यात तळं, म्हशीले मात्र मजा. आता प्लग फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीचा जाड स्विच) कॉइल चालवतो, लोड कॉन्टॅक्टर घेतो. आणि प्लगमध्ये लाइन परत आल्यावर ऑफ राहायची सेटिंग करून ठेवा, नाहीतर लाइन आली की सगळं एकदम सुरू.

बॅटरी टिनाच्या सपरीत असेल तं आत घ्या. नवतप्यात आमची दुपारी चार्जच होईना, बाहेर ऊन फाटते आणि स्क्रीनवर चार्जिंग शून्य, नंतर कळलं की सेल तापले म्हणून बीएमएसच चार्जिंग थांबवत होता. मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत हलवली, तेव्हापासून तक्रार नाही.

बॉक्स घ्यायचाच असेल तं डीलरला एकच विचारा, नेट बंद असताना शेड्यूल चालते का? आपल्याकडं लाइनसोबत टॉवरही जातो, मंग क्लाउडवरचं अॅप चाटायचं का? मी जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट नावाचं घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, ते फुकट आहे अन् घरातल्या घरात चालते, पण शिकायले वेळ जातो.

तोपर्यंत ती केबल पाहा अन् इन्व्हर्टरमध्ये बॅटरी टाइप काय दाखवते ते सांगा, मंग पुढचं बोलू.