मुलगा अग्निवीर झाल्यावर त्याच्या पगारावर आयकर लागतो का, आणि घरच्यांच्या योजना बंद होतात का?

ताई, आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: मुलाच्या पगारावर कर लागेल का, आपला लाडकी बहीण योजनेचा लाभ आणि यजमानांचा पीएम-किसानचा हप्ता चालू राहील का, आणि धाकट्या मुलीच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्याला अडचण येईल का. मी सातारा जिल्ह्यात आयकर विवरणपत्रे भरण्याचे काम करतो आणि माझा सख्खा पुतण्या अग्निवीर आहे, त्यामुळे हा हिशोब मी घरातच मांडलेला आहे.

अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा 30,000 रुपये मिळतात आणि चौथ्या वर्षी 40,000. त्यातील 30 टक्के रक्कम अग्निवीर कॉर्पस फंडात (चार वर्षांनंतर परत मिळणाऱ्या ठेव निधीत) जाते, म्हणून पहिल्या वर्षी हातात 21,000 रुपयेच येतात. जेवढे त्याचे कापले जातात तेवढेच सरकार त्या फंडात घालते. आयकर कायदा सरकारच्या या वाट्यालाही आधी पगारच मानतो आणि नंतर तेवढीच वजावट देतो. पहिल्या वर्षी 3,60,000 रुपयांत सरकारचे 1,08,000 मिळवले जातात व वजाही होतात. 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरली, तर नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 2,85,000 उरते. चौथ्या वर्षी ते 4,05,000 होते, पण तिथेही 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 87अ च्या (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणाऱ्या) सवलतीमुळे प्रत्यक्ष कर शून्यच येतो. भत्ते मिळत असतील तर ते वेगळे तपासावे लागतील.

कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागणार नाही असे समजू नका, कारण विवरणपत्राची मर्यादा ही प्रमाणित वजावट धरून, पण सरकारच्या वाट्याची वजावट देण्याआधीच्या उत्पन्नावर पाहिली जाते. आर्थिक वर्ष 2025-26 च्या 4 लाखांच्या मर्यादेने पाहिले, तर पहिल्या वर्षाच्या पगारावर हा आकडा 3,93,000 येतो, दुसऱ्या वर्षाच्या पगारावर मात्र तो 4,39,800 होतो. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून विवरणपत्र भरणे बंधनकारक ठरते. मुले सीमेवर असतात आणि मुदत निघून जाते, म्हणून हे काम घरच्यांनी आठवणीने करून घ्यावे.

चार वर्षांनंतर या फंडातून व्याजासह मिळणारी सेवा निधी, जी योजना जाहीर झाली तेव्हा सुमारे 11.71 लाख रुपये सांगितली गेली, ती 2023 साली 1961 च्या आयकर कायद्यात घातलेल्या कलम 10(12क) नुसार पूर्ण करमुक्त आहे. तीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली, तर पुढे मिळणारे व्याज मात्र करपात्र असते. 7 टक्के दर धरला तर ते वर्षाला सुमारे 82,000 रुपये होईल.

योजनांच्या बाबतीत सगळा निकाल ‘कुटुंब’ या शब्दाच्या व्याख्येवर लागतो, आणि ती प्रत्येक योजनेत निराळी आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. अग्निवीर होण्यासाठी मुलगा अविवाहितच असावा लागतो, त्यामुळे तो आपल्या कुटुंबात मोजला जातो. त्याचा पहिल्या वर्षाचा पगारच या योजनेच्या वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या अडीच लाखांच्या मर्यादेपुढे जातो, शिवाय कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत असणे ही अपात्रतेची स्वतंत्र अट आहे. केशरी शिधापत्रिका असल्याने आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नसेल, पण दाखल्याची सूट म्हणजे मर्यादेची सूट नव्हे. दरमहा 1,500 रुपये सोडणे सोपे नाही याची मला जाणीव आहे, तरीही स्वतःहून लेखी अर्ज देऊन हा लाभ थांबवावा असेच मी सांगेन.

पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. आपला मुलगा सज्ञान आहे आणि सातबारा यजमानांच्या नावावर आहे, म्हणून मुलाच्या नोकरीमुळे त्यांचा वर्षाचा 6,000 रुपयांचा लाभ जात नाही. नमो शेतकरी योजनेचे निकषही त्याच धर्तीवर आहेत. शिधापत्रिकेवर मात्र मुलाचे नाव असेल, तर त्याचा पगार धरावा लागतो, आणि केशरी पत्रिकेची मर्यादा वार्षिक 1 लाखच आहे.

मुलीच्या ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी तिचे स्वतःचे, आईवडिलांचे आणि 18 वर्षांखालील भावंडांचे उत्पन्न धरतात, म्हणून सज्ञान भावाचा पगार त्यात येत नाही. तलाठ्याकडे अर्ज देताना काही ठिकाणी घरातील सर्वांचे उत्पन्न एकत्र लिहिले जाते. तसे होऊ लागले तर ही व्याख्या दाखवून भावाचा पगार वगळायला सांगा. मुलगा सेवेतून परतल्यावर स्वतःसाठी हा दाखला काढणार असेल, तेव्हा आधीच्या आर्थिक वर्षाचे सर्व स्रोतांचे एकूण उत्पन्न पाहिले जाईल आणि 8 लाखांची मर्यादा लागू होईल. सेवा निधी ज्या वर्षी हाती येईल त्या वर्षासाठी ती रक्कम धरणार की वगळणार, हे तहसील कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या, कारण आयकरातील माफी दाखल्याच्या हिशोबाला आपोआप लागू होत नाही.