मॅरेथॉनचे शेवटचे तीन आठवडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शर्यत बरोबर तीन आठवड्यांवर आली आहे. मध्यंतरी आठवडाभर तापाने आडवा झालो, त्यामुळे माझा सर्वांत मोठा लाँग रन २८ किलोमीटरचाच झालाय. या रविवारी ३५ आणि पुढच्या रविवारी ३२ करून राहिलेला सराव भरून काढू का?

नको. मोठ्या धावण्याचा फायदा अंगी लागायला साधारण दहा ते चौदा दिवस जातात, आणि ३५ किलोमीटरमध्ये स्नायूंची होणारी झीज भरून यायलाही जवळपास तेवढेच. म्हणजे पुढच्या रविवारच्या ३२ किलोमीटरचा थकवा शर्यतीत सोबत येईल, फायदा मात्र जेमतेम मिळेल. बुडालेला सराव आता भरून निघत नाही. साठलेला थकवा उतरवणं एवढंच हातात आहे, आणि ते नीट केलं तर पुष्कळ आहे.

ताप पूर्ण जाऊन आठवडा उलटला असेल आणि खोकला, धाप असं काही उरलं नसेल, तर या रविवारी ३० किलोमीटर, तेही सव्वातीन तासांच्या आत. तेवढ्या वेळात २८ झाले तर २८वर थांबा. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचं. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने पुढच्या आठवड्यात ४५, त्यानंतरच्यात ३५ आणि शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत सोडून, १८ ते २० करावेत. मधल्या दोन रविवारचे लाँग रन अनुक्रमे २० आणि १३ किलोमीटरचे.

इथे बहुतेकांची गल्लत होते. कमी करायचं ते अंतर. धावण्याचे दिवस आणि वेग तसेच ठेवायचे. आठवड्यात पाच दिवस धावत असाल तर चार-पाच दिवस धावाच, फक्त प्रत्येक वेळी कमी. दोन आठवडे नुसती विश्रांती घेतली तर रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, पाय जड होतात आणि ठरवलेला पेससुद्धा (एका किलोमीटरला लागणारा वेळ) अनोळखी वाटू लागतो. म्हणून दहा-बारा दिवस आधी एकदा शर्यतीच्या पेसने दोन-दोन किलोमीटरचे तीन तुकडे, मध्ये तीन मिनिटं सावकाश जॉगिंग. शर्यत रविवारी असेल तर बुधवारी ७ किलोमीटर, त्यातले मधले ३ शर्यतीच्या पेसने. शनिवारी वीस मिनिटं हलकं धावून शेवटी ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा. स्क्वॉट्स, लंजेस वगैरे वजनी व्यायाम शर्यतीच्या दहा दिवस आधी बंद.

प्रश्न : सराव कमी केल्यापासून उलटंच झालंय. पाय जड, गुडघा कुरकुरतोय, वजनही दीड किलो वाढलंय. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. शरीर दुरुस्तीच्या कामात असतं आणि लक्ष द्यायला वेळही मोकळा असतो, त्यामुळे एरवी जाणवलंही नसतं ते जाणवतं. वजनाचं कारण सरळ आहे : स्नायूंमध्ये साठणारं प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेलं कार्बोहायड्रेट) सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत धरून ठेवतं. हे वजन शर्यतीत उपयोगी पडणारं आहे, ते उतरवायला जेवण कमी करू नका.

दुखणं खरं की भास, हे मात्र नीट तपासा. आज इथे, उद्या तिथे असं फिरणारं आणि धावायला लागल्यावर विरणारं दुखणं सोडून द्या. बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी, विशेषतः हाडावर दुखत असेल, धावताना वाढत असेल, त्यामुळे चाल बदलत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडावरच्या ताणाने आलेली बारीक चीर शर्यतीत पूर्ण मोडू शकते.

प्रश्न : कार्बोहायड्रेट लोडिंग म्हणजे आदल्या रात्री पोटभर पास्ता, एवढंच ना? माझं वजन ६४ किलो आहे.

आदल्या रात्रीचं प्रचंड जेवण हा सकाळी शौचालयाच्या रांगेत अडकण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लोडिंग, म्हणजे स्नायूंमध्ये हा साठा भरून घेणं, शर्यतीआधीच्या दोन दिवसांत करायचं, रोज दर किलो वजनामागे ८ ते १० ग्रॅम कार्बोहायड्रेट. तुमच्यासाठी दिवसाला ५१० ते ६४०. ऐकायला सोपं वाटतं, खायला घेतलं की कळतं. दिवसभरात ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, ब्रेडचे सहा स्लाइस, चार चमचे जॅम, तीन केळी, ४०० ग्रॅम उकडलेले बटाटे आणि लिटरभर फळांचा रस, एवढं झालं की सुमारे ६०० ग्रॅम होतात. पाच-सहा वेळा विभागून खा. तेल-तूप, चीज, कच्ची कोशिंबीर, कडधान्यं या दोन दिवसांत कमी करा. चरबीने पोट लवकर भरतं आणि कार्बोहायड्रेटला जागा उरत नाही, चोथ्याने आतडी शर्यतीतच कामाला लागतात. शनिवारी मोठं जेवण दुपारी, रात्रीचं हलकं आणि लवकर. मधुमेह असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

शर्यतीच्या सकाळी तीन तास आधी १०० ते १३० ग्रॅम कार्बोहायड्रेट, सरावात पचलेल्याच पदार्थांतून. धावताना २५ ग्रॅम कार्बोहायड्रेटचं एक जेल (पुडीतला घट्ट गोड पाक) दर अर्ध्या तासाने, पहिलं तिसाव्या मिनिटाला, थकवा येण्याची वाट न पाहता. जेल साध्या पाण्याबरोबर घ्या. गोड एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलं की पोटातलं मिश्रण फार घट्ट होतं आणि मळमळ सुरू होते. तासाला ५० ग्रॅम पचवायचीही सवय लागते, म्हणून उरलेल्या लाँग रनमध्ये हेच जेल, हेच वेळापत्रक वापरा.

प्रश्न : बूट जुने झालेत. आता नवे घ्यावेत का?

आजच घ्या, त्याच मॉडेलचे, आणि शर्यतीआधी त्यात ५०-६० किलोमीटर होऊ द्या, एक लाँग रन धरून. दहा दिवसच उरले असतील तर जुनेच बरे. मोजेसुद्धा धुतलेले, वापरलेले हवेत. पायाची नखं चार-पाच दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापताना चुकून खोल गेलं तर ते भरून यायला वेळ उरत नाही.

प्रश्न : पाच आठवड्यांपूर्वी हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत केली. चार तासांच्या आत पूर्ण मॅरेथॉन होईल?

नाही. त्यासाठी किलोमीटरला ५:४१ (५ मिनिटं ४१ सेकंद) हवेत, आणि तुमचा हाफचा पेसच ५:५५ होता. हाफच्या वेळेची दुप्पट अधिक दहा ते वीस मिनिटं हा भरवशाचा अंदाज, म्हणजे ४:२० ते ४:३० तास. तुमचे मोठे लाँग रन चार-पाच झाले असतील तर ४:२५ धरा, त्याला ६:१७चा पेस लागतो. पहिले पाच किलोमीटर ६:२५ ते ६:३०ने जा. ताज्या पायांना ते रेंगाळणं वाटेल, पण सुरुवातीला जास्त वेगाने जाळलेलं ग्लायकोजेन तिसाव्या किलोमीटरनंतर परत मिळत नाही. आणखी एक : मार्ग सर्वांत आखूड रेषेवर मोजलेला असतो, तुम्ही गर्दीतून वळसे घेत जाता. घड्याळ शेवटी ४२.१९५ ऐवजी ४२.६ किलोमीटर दाखवू शकतं. म्हणून घड्याळावर ६:१३ धरा, नाहीतर रस्त्यावरच्या फलकांवर वेळ जुळवा. दिवस उकाड्याचा निघाला तर ४:२५चा हट्ट सोडा.

प्रश्न : सुरू होण्याआधी वेदनाशामक गोळी आणि भरपूर पाणी घेतलं तर?

दोन्ही टाळा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, तोही शरीर तापलेलं आणि पाणी घटलेलं असताना. शिवाय दुखापतीची सूचनाही दबते. पाणी तहानेप्रमाणे, वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-चार घोट. गरजेपेक्षा खूप पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि चार-पाच तास धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण पिण्याच्या संधी अधिक आणि घाम तुलनेने कमी. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, उलटी, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी न पिता थेट वैद्यकीय मदत कक्ष गाठा.