मणक्यात हवा शिरली म्हणजे ऑपरेशनच का?

तुमचा भाऊ एकवीस वर्षांचा, दम्याचा मोठा अटॅक, रात्रभर खोकला. सीटीच्या रिपोर्टवर मीडियास्टिनममध्ये (दोन फुप्फुसांच्या मधली जागा) आणि स्पायनल कॅनालमध्येही (मणक्यातली मज्जारज्जूची नळी) हवा. ऑपरेशन लागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात सीटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे, एवढं धरून वाचा.

मणक्यातल्या या हवेला न्यूमोरॅकिस म्हणतात. दुर्मिळ आहे, पण बहुतेकदा ही हवा आपोआप जिरते. खरा प्रश्न, ती आली कुठून? छातीतही हवा आहे म्हटल्यावर फुप्फुसातूनच आली असणार. जोरात खोकताना आतला दाब वाढतो, एखादा वायुकोश फुटतो आणि हवा श्वासनलिकांच्या कडेकडेने छातीच्या मध्यभागी येते. तिथून वर मानेच्या कातडीखाली जाते (भावाची मान हलकेच दाबून बघा, भडंगावर बोट टेकवल्यागत करकर लागू शकेल) आणि मागे, नसा जिथून बाहेर पडतात त्या भोकांतून मणक्यात. वाटेत अडवायला घट्ट पडदाच नाही.

रिपोर्टवर 'एपिड्युरल' लिहिलंय का बघा. म्हणजे हवा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर आहे. दम्यात बहुधा असंच असतं. आवरणाच्या आतली हवा जास्त करून डोक्याला किंवा मणक्याला जबर मार लागल्यावर दिसते. ते प्रकरण वेगळं, गंभीर. आम्हीही पडद्यावर लगेच हवा म्हणत नाही. नेहमीच्या विंडोत (म्हणजे पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या सेटिंगमध्ये) तिथली चरबीही काळीच दिसते. सीटीवरचा घनतेचा आकडा (हाउन्सफिल्ड युनिट) बघावा लागतो: पाणी 0, चरबी उणे 100 च्या आसपास, हवा उणे 1000 कडे.

उपचार म्हणजे दमा आणि खोकला आटोक्यात आणणं, विश्रांती, देखरेख. ऑक्सिजन लावतात तो फक्त धाप लागते म्हणून नाही. अडकलेल्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. ऑक्सिजनमुळे रक्तातला नायट्रोजन कमी झाला की हा अडकलेला नायट्रोजन लवकर शोषला जातो. काही दिवस, कधी दोनेक आठवडे लागतात.

तोवर तालीम बंद. जोर-बैठका, वजन उचलणं, दम रोखून धरणं, काही नको. पुढच्या आठवड्यात उजळाईवाडीहून विमानाने मुंबईला न्यायचं म्हणताय, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वर दाब कमी झाला की अडकलेली हवा फुगते. कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हा रिपोर्ट आधी दाखवा, कारण भुलीत वापरतात त्या नायट्रस ऑक्साइड वायूनेही ती हवा फुगते.

पायात मुंग्या, कमजोरी, लघवी अडणं, ताप किंवा वाढती धाप, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी गाठा.