निर्दोष सुटलो, मग निलंबनकाळाचा पगार का नाही?

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. शेताच्या बांधावरून भाऊबंदांनी माझ्यावर मारहाणीची फिर्याद केली. तीन दिवस कोठडीत होतो, म्हणून निलंबन झालं. चार वर्षांनी निर्दोष सुटलो. घटनेच्या वेळी मी कार्यालयात होतो, हे कोर्टाने हजेरीपटावरून मान्य केलं. मागच्या महिन्यात कामावर घेतलं, पण आदेशात 'निलंबन कालावधी निलंबन म्हणूनच धरण्यात येत आहे' एवढंच लिहिलंय. पूर्ण पगार मिळेल का?

उत्तर : नुसतं निर्दोष सुटल्याने तो आपोआप मिळत नाही. कृष्णकांत बिभवणेकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हेच सांगितलं. शिवाय फिर्याद खात्याची नव्हती आणि ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की निलंबन नियमानेच होतं. 'यात आमचा दोष नाही' असं म्हणत हे दोन्ही मुद्दे कार्यालय पुढे करणार, याची तयारी ठेवा.

तरीही तुमची बाजू मला भक्कम वाटते, ती त्या हजेरीपटामुळे. १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांतला नियम ७२ बघा. निलंबन पूर्णतः असमर्थनीय होतं असं सक्षम अधिकाऱ्याचं मत झालं, तर निलंबनात मिळालेला निर्वाहभत्ता वजा करून पूर्ण वेतन मिळतं आणि तो काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ ठरतो, म्हणजे वेतनवाढी आणि निवृत्तिवेतनही सुरक्षित. तुम्ही संशयाचा फायदा मिळून सुटलेला नाही. ज्या नोंदीने तुम्ही सुटलात, ती पहिल्या दिवसापासून कार्यालयाच्याच कपाटात होती. जामीन झाल्यावर ती उघडून निलंबनाचा फेरविचार करायला कुणी अडवलं होतं? अर्जात हा प्रश्न ठळकपणे मांडा.

दुसरं असं की, पूर्णपेक्षा कमी वेतन द्यायचं तर आधी किती देणार याची नोटीस देऊन तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. तशी नोटीस आली नसेल, तर हा एका ओळीचा आदेश टिकणं कठीण आहे.

निकालपत्राची प्रमाणित प्रत, हजेरीपटाचा उतारा आणि निलंबनाच्या आदेशाची प्रत जोडून आधी खात्याकडे अपील करा. जावक क्रमांकासह पोच घ्या. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, किंवा विरोधात गेला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे मॅट. तिथे साधारण एका वर्षाची मुदत असते. साहेब तोंडी 'बघू' म्हणतात म्हणून थांबू नका, स्मरणपत्रं देत बसल्याने मुदत वाढत नाही.

आणि निलंबनाचा काळ रजेत बदलून घ्या असं कुणी सुचवलं, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत तसा अर्ज कृपया देऊ नका.